ओ द्यायला

२३ नोव्हेंबर, रविवार

सॅक आली! परेशने दारात ठेवली. आत ये म्हटलं तर म्हणाला, "नको, गाडी डबल पार्क केलीये." खोटं. आईसमोर बसायची हिंमत नाही त्याची अजून. माझ्या भावाचा, निकेतचा, ट्रेकमधला जिगरी दोस्त. गेल्या डिसेंबरात ऐनवेळी ऑफिसचं काम निघालं म्हणून हा राहिला आणि निकेत एकटाच गेला. तेव्हापासून परेश आमच्याशी जिन्यात उभा राहूनच बोलतो.

सॅक निकेतचीच आहे. पोलिसांनी परत दिली तेव्हा आई म्हणाली, घरात नको. म्हणून वर्षभर परेशकडे होती. उघडली तर डास घालवायच्या क्रीमचा वास आला. एक मोजा राहिलाय आत. एकच.

परेशने जिन्यात उभं राहून भरपूर सूचना केल्या. पाणी जास्त घे. कडेला जाऊ नको. हेडलॅम्पचे सेल नवे घाल. शिट्टी गळ्यातच ठेव, सॅकमध्ये नको. बैल गेला आणि झोपा केला! पण बोलले नाही. निकेतची शिट्टी सॅकच्या वरच्या कप्प्यात सापडली होती. चेन लावलेल्या कप्प्यात. हे त्यालाही माहीत आहे, मलाही.

"तुला तिथे जाऊन काय मिळणार, समिधा? सीरियसली सांग ना." मी म्हटलं, "हवापालट." त्याने मान खाली घातली.

खरं कारण इथे लिहिते. मी ओ द्यायला जातेय.

निकेत धारजाईच्या कड्यावरून घसरला त्या रात्री खाली करंजकोंड गावात त्याचा कुकारा, डोंगरात मारतात ती लांब हाक, ऐकू आला होता. म्हातारे-कोतारे, जागे होते त्या सगळ्यांना. ओ एकानेही दिली नाही. वर कुणी गेलं नाही. का? तर म्हणे दोनच हाका आल्या. तिसरी आली नाही! रात्री डोंगरातून हाक आली तर पहिलीला ओ द्यायची नाही, दुसरीला द्यायची नाही. भुताला दोनच हाका मारता येतात. तिसरी मारतो तो माणूस. ही तिथली रीत.

तिथली कसली, आमचीच. आई त्याच खोऱ्यातली. भाईंदरच्या ह्या बिल्डिंगमध्ये, खाली पाणीपुरी आणि वर मोबाईलचा टॉवर, तरी दिवेलागणीनंतर ती आम्हाला स्वयंपाकघरातून तीनदा हाक मारायची. आम्ही तिसरीला ओ द्यायची. लहानपणी आधीच तोंड उघडलं तर तळहात ठेवायची तोंडावर. निकेत मुद्दाम पहिल्या हाकेला ओरडायचा. "ओऽऽ! घे, गेलो भुताबरोबर!"

पहिल्या हाकेला ओ देणारा आमच्या घरात तो एकटाच होता.


२५ नोव्हेंबर, मंगळवार

शिट्टी फुंकून पाहिली. आई आतून धावत आली, पीठ लागलेल्या हातांनी. पुन्हा फुंकणार नाही.


३० नोव्हेंबर, रविवार

सराव! सॅकमध्ये तांदळाची पिशवी आणि दोन उशा कोंबल्या, बसने भाईंदरजवळच्या डोंगरीला गेले आणि तिथली टेकडी चढले. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं. अर्ध्या वाटेत जीव मेटाकुटीला आला. चौतीस वर्षांची आहे मी, आणि शरीराला हे माझ्या आधी कळलेलं दिसतंय. वर पोचल्यावर समुद्र दिसला, होड्या दिसल्या. निकेत इथे मला कितीदा चल म्हणाला होता. मी प्रत्येक रविवारी केस धुवायचे.

उतरल्यावर स्टॉपवर तारोडीची एक कोळीण बसली होती, रिकामी टोपली घेऊन. माझ्याकडे बघून हसत सुटली.

"बाय गो, नवऱ्यानं काढली का काय घरातून? बिस्तरा घेऊन फिरतेस ती!"

मी पण हसले. मग का कोण जाणे, हिला सांगून टाकलं सगळं. अनोळखी माणसाला सांगणं सोपं जातं. बस यायला उशीर होता. तिने ऐकून घेतलं, मग टोपली पालथी घालून म्हणाली, "आमच्यात असा न्हाय. दर्यात रातचा हाक आली तं पैल्याला ओ देतात. मंग बघतात मानूस हाय का न्हाय. तिसरी हाक मारेपरत मानूस राहतो का पान्यावर?"

बस आली. तिने मला खिडकी दिली.

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. डोंगरातल्या लोकांना एवढी साधी गोष्ट सुचू नये? इतका राग आला की नया नगरच्या सिग्नलला रिक्षावाल्याशी उगाच भांडले. "मॅडम, मैंने क्या किया?" तो म्हणाला. खरंच, त्याने काय केलं होतं.


४ डिसेंबर, गुरुवार

क्लिनिकमध्ये दिवसभर गर्दी. थंडीत सगळ्यांचे कान बंद होतात.

माझं काम म्हणजे काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे, हातात बटण द्यायचं. "आवाज आला की दाबायचं. अगदी बारीक आला तरी दाबायचं. खात्री नसली तरी दाबायचं." हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणत असेन देव जाणे. आज एका चाचांना हिंदीत सांगत होते, "शक हो तो भी दबाना, चाचा," आणि मध्येच थांबले. ते काचेपलीकडून बघत राहिले. "बेटी, शुरू हो गया क्या?"

खात्री नसली तरी दाबायचं. करंजकोंडात कुणी दाबलं नाही.


९ डिसेंबर, मंगळवार

आईला सांगितलं. वाटलं होतं रडेल, आकांत करेल. तिने भाजी चिरणं थांबवलं नाही.

"एकटीच?"

"एकटीच."

"रात्रभर?"

"तो होता तशीच."

तिने चिरलेली भाजी पातेल्यात सारली. मग म्हणाली, "तिथं काय करणार?" मी म्हटलं, तो जिथून पडला तिथे उभी राहणार आणि ओ देणार. कुणीतरी द्यायला हवी होती ना? वर्ष झालं, अजून त्याची हाक तशीच लटकलेली आहे.

आईने विळी मिटली. मला वाटलं आता चिडणार. पण ती म्हणाली, "मलाही येते गं ऐकू. पहाटे. मी उठत नाही." तिचा आवाज अगदी साधा होता, दूध उतू गेलं असं सांगावं तसा. मला हे माहीतच नव्हतं. एका घरात राहतो आम्ही.

झोपायच्या आधी दारात येऊन उभी राहिली. "जातेस तर जा. पण तिथं रात्री कुणी हाक मारली तर..." पुढचं बोलायची गरज नव्हती. ते माझ्या हाडात आहे.


१२ डिसेंबर, शुक्रवार

सॅक भरली. परेशच्या आईने थेपले पाठवलेत, दहा माणसांना पुरतील इतके. शिट्टी गळ्यात. रात्रीची एसटी. भीती नाही, रागच आहे. राग बरा, रागाने पाय चालतात.


१३ डिसेंबर, शनिवार, दुपार

धारजाईच्या पहिल्या पठारावर टेकलेय.

करंजकोंडात सकाळी पोचले. शेवटचं घर दगडूबाबांचं, डोंगराला अगदी चिकटून. गेल्या वर्षी पोलिसांना जबाब ह्यांनीच दिला होता. "दोन हाका ऐकल्या, तिसरी आली न्हाय." हे वाक्य वर्षभर मी दातात धरून ठेवलंय. मनात त्यांचा चेहरा मी राक्षसासारखा केला होता. प्रत्यक्षात एक काटकुळा म्हातारा ओसरीवर दोर वळत बसलेला, गळ्यात निळा मफलर. मला बघितलं आणि उठून उभा राहिला. ओळखलं. निकेतचं नाक आणि माझं नाक एकच आहे.

त्यांच्या बायकोने, कृष्णाबाईंनी, चहा पुढे केला. "कोरा हाय. न्हाय म्हनू नका."

मी चहा घेतला आणि सरळ विचारलं. "किती हाका आल्या होत्या?"

"दोन," म्हातारा म्हणाला. मी विचारायच्या आधीच जणू तोंडात तयार होतं.

"नक्की?"

"दोन व्हत्या ताई." नजर दोरावर. कृष्णाबाई उठल्या, माझा अर्धा भरलेला कप उचलला आणि आत गेल्या.

मग माझा तोल गेला. काय काय बोलले! माणसाचा आवाज कळत नाही तुम्हाला? एक ओ द्यायला काय जात होतं? माझा भाऊ पहाटेपर्यंत जिवंत होता, डॉक्टरांनी सांगितलंय, पहाटेपर्यंत! तुम्ही गोधडीत बसून हाका मोजत होतात! शेजारच्या घरातून एक बाई डोकावून गेली. म्हातारा दोराचा पीळ मुठीत धरून होता. माझं संपल्यावर म्हणाला, "वर एकटी ऱ्हाऊ नका. मी येतो संगती. देवळाच्या भाईर पडून ऱ्हाईन, तुमाला तरास न्हाय द्यायचा."

मी म्हटलं, "तुम्ही तर नकोच."

त्यांनी मान हलवली. ठीक आहे म्हटल्यासारखी.

निघताना कृष्णाबाई मागून धावत आल्या. मोबाईल पुढे केला, माझा नंबर त्यात टाकून घेतला. "सकाळी उतरलात का आवाज द्या. भाकरी टाकून ठेवते." चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं मला.

चला. चढ बाकी आहे.


१३ डिसेंबर, संध्याकाळ

पोचले! एकटी पोचले. निकेत, बघ रे.

वर फारसं काही नाही. पडकी तटबंदी गुडघ्याएवढी, पाण्याचं टाकं, पत्र्याच्या छपराखाली धारजाईचा शेंदूर लावलेला दगड. देवीपुढे कुणीतरी हिरव्या बांगड्या ठेवल्यात. तंबू देवळाच्या आडोशाला लावला. परेशने व्हिडिओ पाठवला होता तो इथे रेंज नसल्याने उघडेना, मग अंदाजाने लावला. एक काठी उरलीय. कुठली ते कळत नाही.

उजवीकडे कारवीच्या झुडपांतून वाट जाते ती कड्याशी. तिथे परेशने गेल्या वर्षी दगडांची उतरंड रचलीय. अजून आहे. मी पोटावर झोपून खाली बघितलं, परेश म्हणाला होता तसंच. झाडांचे शेंडे, मध्ये एक घळ, आणि खाली करंजकोंडाची घरं. दगडूबाबांचं घर सगळ्यांत जवळ. इतकं जवळ! हाक मारली तर खाली नाव सुद्धा कळेल.

सूर्य समोरच्या रांगेमागे गेला तेव्हा उभी राहिले. वाटलं होतं आवाज फुटणार नाही. वर्षभर मनात घोळवलेलं, नाटकातल्यासारखं होईल वाटलं होतं. पण आतून आपोआप आलं.

"ओऽऽऽऽ!"

एकदाच. पोटातून. समोरच्या कड्यावर जाऊन परत आलं. मग शांत. खाली एक कुत्रं भुंकलं आणि गप्प झालं.

रडले. बसून रडले, नाक पुसायला त्याचा तो एकटा मोजा सापडला सॅकच्या खिशात, मग हसू आलं. खरंच हलकं वाटतंय. एवढंच करायचं होतं? एवढ्यासाठी एक वर्ष? आता थेपले खाऊन झोपते. उद्या खाली जाऊन म्हाताऱ्याची माफी मागेन. जरा जास्तच बोलले.


१४ डिसेंबर, रविवार, उजाडताना

अक्षर वाकडं येतंय. बोटं गार पडलीत.

झोप लागली होती. मग कुकारा आला.

स्वप्न नव्हतं. मी उठून बसले होते, तंबूचं कापड वाऱ्याने फडफडत होतं, आणि त्या सगळ्यातून स्वच्छ. कुऽऽऽऊ! शेवटी वर ओढलेला, निकेत ओढायचा तसा. सगळेच कुकारे शेवटी वर ओढलेले असतात, हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा सुचलं नाही. तेव्हा एवढंच कळलं की तो कड्याच्या बाजूने आला. खालून. घळीतून.

ज्यासाठी आले तेच! ओ तोंडात तयार होती. आणि तोंडावर आईचा तळहात आला. खरोखर आल्यासारखा, पिठाचा वास असलेला. थांब. एक झाली.

मी श्वास धरून बसले. मोठ्या तोऱ्यात गावाला शिकवून आले होते सकाळी. गोधडीत बसून हाका मोजत होतात म्हणून! आणि मी स्लीपिंग बॅग हनुवटीपर्यंत ओढून मोजत होते.

मग दुसरा. पहिल्यापेक्षा बारीक.

दोन झाल्या. मी वाट पाहिली. शिट्टी मुठीत इतकी घट्ट धरली होती की तळव्यावर वळ उठलाय. वारा पडला. तिसरा आला नाही. खूप वेळ थांबले. नाही आला. दोनच.

म्हणजे तो माणूस नव्हता. म्हणजे निकेतच. संध्याकाळी मी ओ दिली आणि त्याला कळलं की वर कुणीतरी आहे. मग त्याने हाक मारली. आणि मी गप्प बसले. त्यालाही ओ दिली नाही मी.

आता तंबू आवरते. करंजकोंडाच्या वाटेने उतरणं होणार नाही माझ्याच्याने. ती वाट घळीच्या अंगाने जाते. पलीकडे देशाच्या, घाटावरच्या बाजूला सरळ उतार आहे, वस्तीवरून एसटी मिळते असं परेश म्हणाला होता. कृष्णाबाईंची भाकरी राहिली. राहू दे. दरीकडे बघायचं नाही.


१४ डिसेंबर, रात्र

भाईंदर. घर. आंघोळ केली तरी कारवीचा वास जात नाही.

फोन चालू झाल्यावर अनोळखी नंबरचे बरेच मिस्ड कॉल. कर्ज हवंय का विचारणारे असतील. रविवारी पण सोडत नाहीत. ब्लॉक केला.

आई जागी होती. मी बूट काढायच्या आधी विचारलं, "ओ दिलीस?"

"दिली."

खोटं नाही ते. संध्याकाळी दिलीच होती. आईने माझे दोन्ही कान धरले, लहानपणी धरायची तसे, आणि कपाळाला कपाळ लावून उभी राहिली. मग म्हणाली, "सुटला माझा पोर." आत गेली आणि इतक्या दिवसांनी पाट्यावर लसूण-खोबऱ्याची चटणी वाटायला घेतली. निकेतची आवडती. वर्षभर घरात केली नव्हती.

मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. गळ्याखाली उतरल्या, ह्याचंच नवल.


१५ डिसेंबर, सोमवार

क्लिनिकमध्ये एकजण आला, सर्टिफिकेट हवं होतं. कमी ऐकू येतं म्हणे. नोकरीत काही सवलत मिळणार असेल. काचेत बसवला. बटण दिलं. मोठा आवाज सोडला तरी चेहरा दगड.

पण मला कळतं. ज्याला खरंच ऐकू येत नाही तो शोधत असतो, त्याचे डोळे फिरत असतात. ज्याला ऐकू येतं आणि दाबायचं नाही, तो स्थिर होतो. खांदे आवळतो. आवाज आला की पापणी हलतेच. पुन्हा सोडला, पुन्हा पापणी. तिसऱ्यांदा सोडला, घट्ट डोळे मिटले.

"तुम्हाला ऐकू येतंय," मी म्हटलं. तो ओशाळला. म्हणाला, "मॅडम, अ‍ॅडजस्ट करा ना थोडं."

एवढ्या साध्या गोष्टीवर मला घेरी आली. डॉक्टरांनी घरी पाठवलं. ट्रेकमुळे थकली असशील म्हणाले.


१६ डिसेंबर, मंगळवार

संध्याकाळी आईने स्वयंपाकघरातून हाक मारली. "समिधा." मग, "समिधा." मग, "समिधा, अगं जेवायला."

मला ओ देता आली नाही. तोंड उघडलं, आवाज नाही. ती हात पुसत बाहेर आली आणि माझ्याकडे बघून तिथेच थांबली. ताट इथेच आणून दिलं.


१७ डिसेंबर, बुधवार

दुपारी परेशचा फोन. "समिधा, करंजकोंडहून माझ्याकडे फोन आला. तुला लागत नाहीये म्हणाले. तू बोल त्यांच्याशी, प्लीज." त्याचा आवाज फाटलेला. त्याने नंबर पाठवला. तोच नंबर, रविवारचा. मी ब्लॉक केलेला.

कृष्णाबाईंनी पहिल्या रिंगला उचलला. मागे दवाखान्याचा गोंगाट.

त्या बोलत होत्या आणि मी ऐकत होते, जिन्यात उभी राहून, परेशसारखी. आई घरात होती.

शनिवारी सांजच्याला म्हातारा ओसरीवर बसला होता. वरून हाक आली. एकच. "तुमची ओ वो ताई. मला म्हनाले, पोरगी अडचनीत हाय. मी म्हनलं थांबा, दुसरी येऊ द्या, तिसरी येऊ द्या. आयकलं न्हाय. गेल्या साली थांबलो, म्हनाले, आता न्हाय थांबायचा. ब्याटरी घेतली नि निघाले. पैल्याच हाकंला."

घळीच्या अंगाने जवळची वाट घेतली. अंधारात पाय गेला. मांडीचं हाड मोडलं. रात्रभर तिथेच पडून. कृष्णाबाईंना वाटलं वर देवळाशी झोपले असतील, सकाळी आम्ही दोघं बरोबरच उतरू. दोन माणसांच्या भाकऱ्या टाकून बसल्या होत्या. ऊन चढलं तरी कुणी येईना, तेव्हा मला फोन करत राहिल्या. मग गावातली माणसं वर चढली. तिसऱ्या प्रहरी सापडले. जिवंत आहेत. ऑपरेशन झालंय, ताप उतरत नाही. डॉक्टर काही नक्की सांगत नाहीत.

मी म्हटलं, "मावशी, मला... मला ऐकू..."

"तेच सांगायला फोन क्येला," कृष्णाबाई म्हणाल्या. "शुद्धीवर आल्यापास्नं एकच धरलंय त्यांनी. येईल त्याला सांगत्यात. पोलिसाला बी सांगितलं. मी दोनच हाका मारल्या, तिसरी मारायला दम उरला न्हवता. ताईनं ओ दिली न्हाय ती रीतीनं दिली न्हाय, तिला कोन बोलायचा न्हाय. तुमाला बी सांग म्हनाले. दोनच व्हत्या. जिवाला लावून घेऊ नगा."

मग हळू आवाजात, "त्यांना ठावं हाय ताई, काय व्हतं मानसाचं मागनं. वरीस झालं, रातचे उठून बसत्यात."

फोन ठेवल्यावर बराच वेळ जिन्यातच बसले. वरच्या मजल्यावरची रीमा भाजी घेऊन येत होती, म्हणाली, "क्या हुआ दीदी, चाबी भूल गयी?" मी हो म्हटलं.


१८ डिसेंबर, गुरुवार

रविवारी पहाटे ह्या वहीलाही खोटं सांगितलं. हाका तीन होत्या. तिसरी अगदी स्पष्ट आली, कुकारा नव्हता, माणसाच्या गळ्यातली "ताई, ओ द्या" होती, आणि मी कानांवर हात दाबून घेतले.

निकेतच्याही तीनच असणार. दगडूबाबांनी त्याही मोजल्या होत्या, आणि माझ्यासारख्याच दोन सांगितल्या.